मागं राहिलेलं पिल्लू

देवबाग, मालवण

आये, तुझ्या पायावर रामहरीचं डोकं.

शेजारची अक्षदा हे वाचून दाखवील. मी मजेत हाये. पर्यटकांच्या बोटीवर काम हाये, दोन टाईम मासे-भात मिळतो. आपल्या सोयगावच्या माळावर मेंढरं राखताना लांडगा हेरून नजर तयार झालेली, म्हणून डॉल्फिन सगळ्यात आधी मलाच दिसतात.

काल खाडीच्या तोंडाशी सवयीनं मोजले, तर सात पुढं गेलेले आन आठवं पिल्लू लई मागं राहिलेलं. माझ्या तोंडून एकदम मेंढरांना देतो ती हाळी निघाली. सगळे पाण्यात गडप! बोटीतले लोक हसले, मालक ओरडला. जरा येळानं एक मोठी मादी वर आली, माघारी फिरली आन पिल्लाला संगं घेऊन गेली. मग मी लोकांकडं पाठ करूनच बसलो.

इथलं बोलणं अजून नीट कळत नाय, पण माणसं चांगली हायेत. काळजी करू नको. गुडघा शेकती का? काळी शेळी व्याली का?

सांजच्याला मेंढरं मोजून झाली की तू शेवटी मला बी मोजायची. अजून मोजती का, आये?

तुझा,
रामहरी