वाटीत उरलेले लॉक

मी, खाली सही करणारी, वय पन्नाशीच्या पुढे, व्यवसाय शिलाई मशीनची दुरुस्ती, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाला बळी न पडता माझी ही शेवटची इच्छा लिहून ठेवत आहे. अक्षर हलले आहे ते भीतीने, आजाराने नव्हे. त्यावरून कोणी हरकत घेऊ नये. उद्या हौशी स्कूटर शर्यत आहे आणि मी तीत उतरणार आहे.

१. राहते घर आणि बँकेतली शिल्लक माझ्या नवऱ्याला. त्याने मला ओट्यावर इंजिन उघडू दिले, सिलिंडर भाजीच्या टोपलीत ठेवू दिला आणि एवढेच म्हणाला, "चहापुरती तरी जागा ठेव गं." असा माणूस शोधून सापडत नाही.

२. माझी सगळी हत्यारे मुलीला. तिला ती नको आहेत हे मला ठाऊक आहे. तरीही तिलाच. बारीक पेचकस शेजारी उसना देऊ नये, परत येत नाही.

३. धाकट्या भावाला काहीही नाही. त्याने माझी स्कूटर मागून नेली आणि तेल न मिसळता टाकीत पेट्रोल भरले. टू-स्ट्रोक इंजिनाला तेल पेट्रोलमधूनच मिळते, हे शेंबडे पोरही सांगेल. याचे म्हणणे, "ताई, मला वाटलं नुसतं पेट्रोल जास्त शुद्ध!" पिस्टन चिकटला, इंजिन जाम. मृत्युपत्रात ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये म्हणतात. म्हणजे हा साक्षीदार म्हणून अगदी चालेल. त्याच्याविषयीच्या बाकी तक्रारी पुढच्या पानावर सविस्तर.

४. स्कूटर. लेथवाल्या काकांनी सिलिंडर बोअर करून, म्हणजे आतून कापून गुळगुळीत करून दिला, नवा पिस्टन मी बसवला. पिस्टनची पिन सरकू नये म्हणून तिच्या दोन्ही टोकांना तारेचे नखाएवढे कडे बसते, त्याला लॉक म्हणतात. आज सकाळी भांडी घासताना नवऱ्याला वाटीत एक लॉक सापडले. जास्तीचे आणले होते की बसवायचेच राहिले, मला काही केल्या आठवत नाही. राहिले असेल तर पिन बाहेर येईल आणि भर वळणावर मागचे चाक अडकेल. उघडून पाहावे तर सिलिंडरखालचे कागदी पॅकिंग फाटणार, दुकान बंद, शर्यत हातची गेली. स्कूटर कोणाला द्यावी तेही सुचत नाही, कारण तिच्याबरोबर हा घोरही द्यावा लागेल.

इथवर नवऱ्याने मागून वाचले. म्हणाला, "एवढ्या वेळात इंजिन उघडून झालं असतं."

"आणि पॅकिंग?"

"कागद चांगला जाड आणलायस की."

५. हे कलम इंजिन उघडल्यानंतरचे. पिनेच्या एका टोकाला लॉक नव्हते. मी ओट्याला टेकून खाली बसले आणि रडले. नवऱ्याने पाणी दिले. आता दोन्ही लॉक जागेवर आहेत. दोघांनीही बोट फिरवून पाहिले. वेळ आलीच, तर स्कूटर ज्याला वाटीत लॉक दिसले त्याला.

या मृत्युपत्राला पुढचे पान नाही. ते कापून पॅकिंग केले, सध्या इंजिनात आहे.

स्थळ: स्वयंपाकघर
दिनांक: शर्यतीच्या आदल्या दिवशीचा शनिवार
सही: मशीनवाली ताई

साक्षीदार: लेथवाले काका (तेलाचा डाग त्यांचाच)
साक्षीदार: धाकटा भाऊ (पुढचे पान न वाचता)