दारूवर पळवलेली आपली गाडी

बाबा,

आधी वस्तुस्थिती, क्रमाने. तुमची कार्ब्युरेटरची जुनी गाडी माझ्याकडे आहे. ती मी ड्रॅग रेसमध्ये, म्हणजे उभ्या जागेवरून सुटून सरळ धावपट्टीवर, पळवते. या हंगामात मी तिच्यात रेसिंग पेट्रोल आणि इथेनॉल, म्हणजे अल्कोहोल, यांची तुलना केली. इंजिन तेच, चालक मीच. कार्ब्युरेटर दोन, प्रत्येक आपापल्या इंधनासाठी जुळवलेला. इथेनॉलच्या कार्ब्युरेटरची इंधन सोडणारी छिद्रे मोठी केली, कारण लिटरमागे त्यात ऊर्जा कमी असते आणि ते पेट्रोलच्या जवळपास दीडपट लागते. एवढे तुम्हीच मला शिकवले होते. पुढचे शिकवले नाही: इथेनॉलची वाफ होताना आत येणारी हवा गार होते, गार हवा सिलिंडरमध्ये अधिक मावते, आणि इंजिन जास्त दाब सोसते.

आमच्या गटात चालक आपली अपेक्षित वेळ आधी काचेवर लिहितो. तिच्या सर्वांत जवळ राहील तो जिंकतो. पेट्रोलवर सकाळी साधलेली वेळ दुपारच्या उन्हात टिकत नाही, पुन्हा पुन्हा जुळवणी करावी लागते. इथेनॉलवर गाडी दिवसभर शब्दाला जागते. तिचे दोषही मी नोंदवते: थंडीत सकाळी ती सुरूच होत नाही, आधी कार्ब्युरेटरच्या तोंडात थोडे पेट्रोल ओतावे लागते, आणि इथेनॉल हवेतली ओल ओढते, म्हणून संध्याकाळी टाकी रिकामी करावी लागते. केडगावचा मेकॅनिक आपल्याच चर्चचा आहे. टाकी भरताना तो म्हणाला, "म्याडम, लई पिती वो ही! पाळकसाहेबांना कळलं तर मंडळीतून नाव काढत्याल हिचं." मी हसले, आणि मला तो रविवार आठवला.

मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. उपासनेहून आपण नुकतेच परतलो आहोत, आई रस्सा ढवळते आहे. मी हीच तुलना प्रकल्प म्हणून मांडते. गाडी तुमची, अल्कोहोल तुमच्या कारखान्याचे. तुम्ही साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत मुख्य रसायनतज्ज्ञ आहात. चर्चमध्ये मात्र "साखरेत असतो" एवढेच सांगता, कारण मंडळीच्या दारूबंदी समितीचे अध्यक्षही तुम्हीच. माझे ऐकून घेता आणि भाकरी मोडता.

"गणित चुकलंय तुझं. इंजिन हा तुझा विषय नाही."

"कुठे चुकलंय?"

"चुकलंय म्हटलं ना."

"अहो, दाखवा तरी पोरीला," आई म्हणते. "का गाडीला वास येईल म्हणून?"

"तू रस्सा बघ."

आईचे वाक्य मी ऐकले आणि सोडून दिले. तुमचे धरून ठेवले. तुमच्या तोंडून चुकीचा आकडा मी कधी ऐकला नव्हता. इंजिन सोडून मी काँक्रीटमध्ये डॉक्टरेट घेतली. त्या विषयात माझा शब्द आज अखेरचा मानला जातो, आणि अर्धवट काम घेऊन माझ्यासमोर यायला कोणी धजत नाही. तरीही मला हवे होते ते इंजिन. या हंगामात तेच गणित पुन्हा मांडले, मग धावपट्टीवर तपासले. त्यात चूक नाही.

तेव्हा प्रश्न एकच आहे. आयुष्यभर अल्कोहोल गाळणाऱ्या माणसाला हे ठाऊक नसणे मला पटत नाही. माझे गणित खरोखर चुकले होते, की आपली गाडी चर्चच्या आवारात उभी राहील तेव्हा लोक नाक मुरडतील ही धास्ती होती? धास्ती असेल तर ती मी समजू शकते. तिला गणिताचे नाव देणे मला मान्य नाही. चूक असेल तर कोणत्या पायरीवर, ते दाखवा.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, हे मी जाणते. तरीही उत्तर लेखीच द्या. तोंडी नको. तुमच्या आवाजात "चुकलंय" असे ऐकले, तर मी आजही मान्य करीन.