नववा खडा

तात्या, हे लिहायचं मी बारा वर्षं टाळत आलो. आजही टाळलंच असतं. सकाळी वही घेऊन बसलो आणि तेवढ्यात शेजारच्या उसाकडं वनखात्याची गाडी आली, बिबट्याचा पिंजरा हलवायला. मग काय, वही तिथंच आणि मी पिंजऱ्यामागं. बिबट्या नव्हताच आत. आमिषाला बांधलेली शेळी तेवढी होती, आणि ती आमच्याकडं अशी बघत होती की जणू आम्हीच तिला खाणार आहोत. त्यात तासभर गेला. तुम्ही असता तर मागनं येऊन कानाखाली काढली असती. आता एक वाजलाय. अडीच वाजता मला ओमानवरनं फोन यायचाय, नोकरीसाठी. त्याच्या आत हे लिहून झालं पाहिजे, कारण त्या फोनवर मला तुमच्याबद्दल एक गोष्ट सांगायची आहे आणि ती कशी सांगायची हे अजून ठरलेलं नाही.

विहिरीतला दगड वर ओढायला आपली यारी होती, तिचा तो लांब हातांचा ड्रायव्हर आठवतो ना? तो आता तिकडं एका दगडाच्या खाणीत असतो. सुरुंगाच्या कामाला माणूस पाहिजे म्हणून त्यानं माझं नाव दिलं. वर फोन करून म्हणाला, "भाऊ, तयारी कर. साहेब फोनवरच इंटरव्ह्यू घेतो, इंग्लिशमधी. आन् सगळ्यांना एक सवाल टाकतोच, तुझ्यासमोर कधी अपघात झालाय का. नो सर म्हनला की फोन ठेवून देतो. म्हनतो, ज्यानं या कामात मरण बघितलं न्हाई तो येकतर नवा हाय, न्हायतर लबाड." मी म्हणालो, मी नवा नाही. तो म्हणाला, "व्हय राव. आपन दोघंबी न्हाई."

मला ही नोकरी पाहिजे, तात्या. तुमच्यानंतर मी कुठंच टिकलो नाही. सुरतेला कापडाच्या गोदामात मुकादमाचं नाक फोडलं. गोव्यात एका हॉटेलच्या भटारखान्यात उकळत्या तेलाची कढई लाथाडली, कुणाच्या पायावर गेली नाही हे माझं नशीब. आळेफाट्याला टोमॅटोच्या गाडीवर होतो, तिथं माझाच दात पडला. कुठं बार उडाल्यासारखा आवाज झाला, नुसतं गाडीचं टायर फुटलं, तरी माझा हात आधी उठतो आणि समोर कोण आहे ते मागनं दिसतं. नववी नापास माणसाला दुसरं येतं काय? मला दगड येतो. कुठल्या दगडाला किती खोल भोक, दगडावर पहार मारली की तो कसा बोलतो, ते तुम्ही शिकवलेलं अजून हातात आहे. खाणीत सगळ्यांनाच आवाजाची सवय असते. तिथं मी शहाणा ठरेन असं मला वाटतं.

तुमची पद्धत मी कुठंच दुसरीकडं बघितली नाही. विहिरीच्या तळात जितकी भोकं भरली तितके खडे माझ्या हातात. तुम्ही वाती पेटवून यारीच्या पाळण्यातून वर येणार, आपण सगळे मागं पळणार, आणि मी उभा राहून ऐकणार. एक बार उडाला की एक खडा खाली. शेवटी तुम्ही माझ्यापुढं येऊन म्हणणार, "हात दाव." हात रिकामा दिसला तर धुरळा बसल्यावर उतरायचं. एक जरी खडा राहिला तर त्या दिवशी विहिरीत कुणी पाय टाकायचा नाही, मालकानं कितीही बोंब मारू दे. पहिल्याच आठवड्यात मी वर घारीकडं बघत राहिलो आणि माझ्या हातात दोन खडे जास्त उरले. तुम्ही असा हात टाकला की मी मातीच्या ढिगात जाऊन बसलो. "डोळं कुठंबी फिरव, कान हितं ठेव!" त्या संध्याकाळी महाळुंग्याला तुमच्या घरी मी चुलीपाशी बसलोय, गाल सुजलाय, काकी भाकरी थापतायत आणि प्रत्येक थापेला तुम्हाला बोलतायत. "लोकाचं पोर हाय. मारून टाकताल येक दिवस." तुम्ही ताटावरनं मान वर न करता म्हणता, "मी मारतो म्हून जित्तं राहील." पुढच्या आठवडे बाजाराला मंचरहून तुम्ही दोन जोड जाड बूट आणले, एक तुम्हाला, एक मला. माझा एक नंबर मोठा होता. मी पुढं चिंध्या कोंबून घातला.

आता तो दिवस. निमगाव सावा, हीच विहीर, जिच्या मोटरीच्या खोलीत बसून मी हे लिहितोय. मालकानं मला चार महिन्यांपासून पाणी धरायला ठेवलंय. विहिरीला आता पाणी आहे, काठाला सिमेंट आहे, आणि रेंज इथं सगळ्यात चांगली येते. त्या दिवशी नदीपलीकडं यात्रा होती, घाटात बैलगाड्यांची शर्यत होती, बंदी यायच्या आधीची. सकाळी मी बैल बघायला गेलो आणि दोन तास उशिरा आलो. तुम्ही सगळ्यांपुढं डाव्या कानावर दिली. कानात शिट्टी वाजायला लागली. मी तुम्हाला मनात काय काय म्हणालो ते इथं लिहीत नाही. दुपारी नऊ भोकं भरली. माझ्या हातात नऊ खडे. वाती पेटल्या, आपण मागं आलो, बार उडायला लागले. मग शांत झालं. तुम्ही विचारलं, "किती?" मी म्हणालो, "नऊ." धुरळा बसला आणि तुम्ही उतरलात. खालनं पहारेचा एक आवाज आला, नुसता एक, टण्. त्याच्यावर लगेच दुसरा आवाज. यारीचा पाळणा काठावर आपटून वाकडा झाला. दगड वर आले आणि परत आत पडत राहिले, बराच वेळ पडत राहिले, आणि पलीकडं घाटात भोंगा चालूच होता, भिर्रर्र, झाली झाली झाली. तुम्हाला घोंगडीत बांधून वर काढलं. ड्रायव्हरनं आणि मी. डावा बूट शेवटपर्यंत सापडला नाही.

दहाव्याला सगळे एकच म्हणाले. घाई केली. पद्धत स्वतःची आणि स्वतःच मोडली. मालक म्हणाला, ड्रायव्हर म्हणाला, गावातल्या शहाण्या माणसानं तर उभं राहून सांगितलं की इतका जाणता माणूस, पण त्या दिवशी घाई नडली. काकी खांबाला टेकून ऐकत होत्या. मी त्यांच्यापासून पाच हातांवर बसलो होतो. दुसऱ्या दिवशी सुरतेची गाडी धरली.

तर इंटरव्ह्यूची तयारी. इंग्लिश शिकवणारं माझ्या ओळखीत एकच माणूस, तुमची मुलगी. ताई आता घोडेगावला असते, तहसील कचेरीच्या मागच्या गल्लीत क्लास घेते. मला बघून तिनं आधी ओळखलंच नाही, मग म्हणाली, "मेला नाहीस का अजून? बस." तीन आठवडे मी रोज दुपारी तिथं जातोय. ती फळ्याकडं तोंड करून बसते, माझ्याकडं पाठ. म्हणते, फोनवर तोंड दिसत नाही, हातवारे दिसत नाहीत, फक्त आवाज जातो.

"टेल मी अबाउट युवरसेल्फ."

"माय नेम इज..."

"थांब. तू नाव सांगतोयस का आव्हान देतोयस? श्वास घे आधी."

"घेतला."

"हळू बोल. तो ओमानला आहे, बहिरा नाहीये."

असं चालायचं. मधेच मी फळ्यावरचा नकाशा बघत बसायचो, ती पाठमोरीच ओळखायची, "परत गेलास का कुठं?" आणि मला तुमचाच आवाज यायचा. मग अपघाताच्या प्रश्नावर गाडी आली. मी म्हणालो, काय सांगू ते सुचत नाही. ती म्हणाली, "बाबांचं सांग की. माय मास्टर वॉज इन अ हरी, घाईत होते, नियम मोडून खाली गेले. त्यातनं मी शिकलो की घाई करायची नाही. साहेबाला हेच पाहिजे असतं. लिही." मी मराठी अक्षरात लिहून घेतलं. मग तिनं खडू ठेवला आणि पाठ तशीच ठेवून म्हणाली, "बारा वर्षांत त्यांचा तेवढा तरी उपयोग होऊ दे कुणाला. आम्हाला तर दगडाइतकंही मोजलं नाही त्या माणसानं."

ते वाक्य मी पाठ केलं, तात्या. मोटरीच्या खोलीत, उसात पाणी धरताना, एसटीत. हरी, हरी. काल ती म्हणाली, आता शेवटची उजळणी, मी साहेब, मधे मराठी बोलायचं नाही. सगळं नीट चाललं होतं. तिनं तो प्रश्न टाकला. मी तोंड उघडलं आणि भलतंच आलं.

"आय काउंट रॉंग, मॅडम. एट ब्लास्ट. आय टेल नाइन. ही गो डाउन."

मराठीत जे बारा वर्षं एकदाही निघालं नाही ते त्या मोडक्या बोलीत निघालं. मला वाटतं, ते शब्द माझे नव्हतेच, म्हणून जड लागले नाहीत. तिची पाठ हलली नाही. म्हणाली, "से इट अगेन." मी परत म्हणालो. मग ती मराठीत म्हणाली, "आता आपल्या भाषेत सांग." मला येईना. ती वळली आणि टेबलावरचा लाकडी डस्टर फेकला तो इथं भुवईवर बसला. मग पाण्याची स्टीलची बाटली. मग ती स्वतः आली, पट्टी घेऊन, आणि मारत राहिली, खांद्यावर, हातांवर, पट्टी मोडली तरी अर्ध्या पट्टीनं. मी हात वर केला नाही. बारा वर्षांत पहिल्यांदा माझा हात उठला नाही, हे मला मार खाता खातासुद्धा कळत होतं. "आईला मी म्हणालेय! मी माझ्या तोंडानं म्हणालेय, तुझ्या नवऱ्याला आपली पर्वा नव्हती म्हणून तो मेला! तिचं कुंकू गेलं आणि वर मी तिला हे ऐकवलंय!" मग ती दम लागून बाकावर बसली आणि म्हणाली, "नीघ. उद्या फोनवर काय सांगायचं ते तुझं तू बघ."

भुवईला तीन टाके आहेत. दवाखान्यात सांगितलं, बाटली पडली.

पण तात्या, मी ताईला सांगितलं तेही पुरतं खरं नाही. मोजणी चुकली, हे सोपं आहे. चूक कुणाचीही होते. बारा वर्षं मी स्वतःलाही कधी हे सांगितलं, कधी ते. तुमच्याच थपडेनं कान वाजत होता, मग मला कसं ऐकू येणार? दोन बार एकदम उडाले असतील. पलीकडं यात्रेत शोभेची दारू उडत होती, त्यात एखादा मिसळला असेल. पण कान दुसऱ्या तासाला बरा झाला होता. खरं असं आहे की शांत झालं तेव्हा माझ्या मुठीत एक खडा होता. मी घाटाकडं बघत होतो, भोंग्याकडं कान होता, आणि मूठ वळली तेव्हा तो हाताला टोचला. मला कळलं. माझ्याकडनं टाकायचा राहिला की बार उडायचा राहिला, हे मात्र कळेना. मी तेवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. "तात्या, एक उरलाय, माझं ध्यान नव्हतं." दुसरी थप्पड बसली असती, सगळ्यांपुढं, एका दिवसात दोनदा. मला ती खायची नव्हती. म्हणून हात पाठीमागं नेला आणि खडा सोडला. तो बाकीच्या खड्यांत जाऊन पडला, त्यांच्यासारखाच दिसत होता. मग तुम्ही आलात. मी रिकामा हात पुढं करायला लागलो आणि तुम्ही, आयुष्यात पहिल्यांदा, तो बघितला नाहीत. सकाळचं तुमच्या मनात होतं, ते तोंडावर दिसत होतं. माझ्या डाव्या कानाला अंगठ्यानं हलकं दाबलंत आणि म्हणालात, "र्‍हाऊ दे. तू म्हनतो ना, मग झालं."

तुम्ही माझी कधी माफी मागणार नव्हता, ती तेवढीच होती. घाई कसली? तुम्ही उलट धुरळा पूर्ण बसेस्तोवर थांबला होता.

हे कागद कुठं पाठवायचे? विहिरीत टाकणार होतो, पण पाणी पिण्याचं आहे. वहीतच राहू दे. दोन वाजून अठरा मिनिटं झाली. साहेबाला मी हरी वगैरे सांगणार नाही, एवढं आता ठरलं. खडा सांगणार. इंग्लिशमधे खड्याला काय म्हणतात ते ताईला विचारायचं राहिलं, स्टोन म्हणेन. ऐकून त्यानं फोन ठेवला तर ठेवला. पण ते परक्या माणसाला, परक्या भाषेत, समुद्रापलीकडं सांगायचं, आणि महाळुंगे इथून दोन एसट्यांवर आहे, तिथं बारा वर्षांत मी एकदा पाय ठेवला नाही.

बांधावरनं कुणीतरी येतंय. आधी वाटलं मालकीण असेल. उसाला पाणी दिल्यामुळं चिखल आहे, म्हणून चपला हातात आहेत, दुसऱ्या हातात नायलॉनची पिशवी. डोक्यावरचा पदर सावरत ती बाई थांबली, विहिरीकडं बघितलं आणि परत चालायला लागली. काकी आहेत, तात्या. या विहिरीचं नाव निघालं की उठून आत जातात असं ताई सांगायची, त्या. ताईनं सांगितलं असणार, म्हणजे सोपं तेवढंच सांगितलं असणार. आल्या, दारात उभ्या राहिल्या, माझ्या भुवईकडं बघितलं, वहीकडं बघितलं.

"काय लिव्हतो?"

"तात्यांना."

काठावर बसल्या, आत पाण्याकडं तोंड करून. "लिव्हून घे. मंग बोल माझ्याशी. मी जात न्हाई."

दोन सव्वीस. उजव्या हातानं लिहितोय आणि डाव्या हाताची मूठ मगापासून वळलेली आहे, आत काही नाही तरी उघडत नाही. पेन ठेवल्यावर उघडीन. आधी यांना सांगायचं, मग तिकडं, हे मला कळतंय. पण तुमच्यापासून आता काय लपवू, फोन मी अजून बंद केलेला नाही.