तुझी चिमूट

आई, काल तुझा हात हलला. तुला जाऊन बरीच वर्षं झाली, म्हणून नीट पहिल्यापासून सांगते. चाकणच्या कंपनीत प्रेस मशीनखाली तुझा उजवा हात कोपराखाली गेला, तेव्हा मी ताथवड्याला इंजिनीअरिंग शिकत होते. तू डाव्या हाताने स्वयंपाक करायला लागलीस आणि भाजी अळणी व्हायला लागली. मीठ राहिलं म्हटलं की चिडायचीस, "आत्ता टाकलंय की, या हातानं!" आणि रिकामी बाही पुढे करायचीस. मला भीती वाटायची, कारण तू खोटं बोलत नव्हतीस.

त्या हातासाठीच मी हे कृत्रिम हात बनवायचं काम धरलं. उरलेल्या हाताचे स्नायू अजून हुकूम सोडत असतात; तो कातडीवरून टिपायचा आणि प्लास्टिकच्या बोटांना द्यायचा. अजून डोळ्यांसमोर आहे: मी तुला ओट्यापाशी बसवते, उरलेल्या हातावर सेन्सरच्या पट्ट्या चिकटवते, म्हणते, "चिमूट धर." तू डोळे मिटतेस. लॅपटॉपवर रेघ उसळते. "बगितलंस? हाय न्हवं?" हात तयार व्हायच्या आधीच तू गेलीस. मी सगळं नेटवर खुलं करून टाकलं, कुणालाही घेता यावं, बनवता यावं म्हणून. तुझ्या रेघाही, म्हणजे तुझ्या हाताच्या खुणा, त्यातच आहेत. चिमूट म्हणजे काय, हे प्रोग्रॅम तुझ्याकडूनच शिकला.

काल तळेगावहून एक फिटर आले, हात गमावलेले. नवा हात नुसता चढवला होता, त्याला त्यांचं काहीच शिकवलं नव्हतं. ते हात सैल सोडून बसले होते आणि बोटं आपोआप जुळली, सुटली, पुन्हा जुळली, कढईवर मीठ सोडावं तशी.

"ताई, मी काय करत न्हाई हो. कोण करतंय हे?"

"आत अजून दुसऱ्याच्या खुणा आहेत. तुमच्या स्नायूंची थरथर त्याला तिची चिमूट वाटतेय."

"कुणाच्या?"

"आईच्या."

"कुठं असतात तुमच्या आई?"

त्यांनी डाव्या हाताने ते मनगट अलगद धरलं, म्हाताऱ्या माणसाचं धरावं तसं. "ऱ्हाऊ द्या जरा," म्हणाले.

मग त्यांच्या खुणा घेतल्या. त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला, हसता हसता रडले आणि हात घालूनच घरी गेले.

त्यानंतर मी टेबलावरच्या दुसऱ्या हातात तुझ्या खुणा चढवल्या. पट्ट्या कुणालाच लावलेल्या नव्हत्या. मोकळ्या तारा भिंतीतली वीज पकडतात आणि बोटं उगाच हलतात, हे मीच विद्यार्थ्यांना शिकवते. हे कुणाला सांगितलं नाही, हा कागदही माझ्याजवळच राहील. बोटं मिटली तेव्हा मध्ये माझं बोट होतं. ते मीच ठेवलं होतं.