अकरा खुंटांचा हौदा

वडगाव रासाई
१२ एप्रिल २००१

तीर्थरूप बबनमामांच्या पायाशी,

सत्यजीतचा दंडवत. इकडं सगळी खुशाल. तुमचा गुडघा आणि मामींची शुगर कशी हाय ते कळवावं. (हाय नव्हे, आहे. लिहिताना जीभ मधे येते.) मागची तीन पत्रं तुम्हाला पोचली असं मी धरून चालतो, कारण परत एकही आलेलं नाही.

राजश्रीचं लग्न ९ मेला धरलंय. मांडव, जेवणं, आहेर यांतलं काही कमी-जास्त झालं तर आईची तक्रार नाही. तिचं म्हणणं एकच, मंगलाष्टका चालू होतील तवा पोरीच्या पाठीशी तिचा सख्खा मामा उभा पाहिजे. आता सख्खा मामा एकच, तो दौंडला, आणि दहा वर्षं आमच्या घरचं पाणी पीत नाही. त्यात तुमची चूक नाही. आईच्या लग्नासाठी आमच्या दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जुन्या मालमोटारीवर तुम्ही रेल्वेची रजा काढून, स्वतःच्या हातानं माल भरायचा लाकडी हौदा चढवलात. दहा वर्षांमागं आमच्या वडिलांनी, आप्पांनी, तो उतरवून लोखंडी बसवला, आणि त्या साली जळणाची चिपाडं भिजली म्हणून लाकडी हौदा गुऱ्हाळाच्या चुलवाणात घातला. तुम्ही संक्रांतीला आलात तवा शेवटची फळी जळत होती, आणि आप्पांनी तिच्यावरच शिजलेल्या काकवीची वाटी तुमच्या हातात दिली. (ती वाटी तुम्ही कुठं ठेवलीत ते अजून सापडलेलं नाही.) आप्पा चुकले. ते गेले त्या दिवशीही तुम्ही आलात, उन्हात उभे राहिलात आणि चहा न घेता गेलात. मला त्याचं फार वाईट वाटलं होतं, ते आज लिहितो.

तर मी ठरवलं की तोच हौदा पुन्हा करायचा, तसाच, आणि राजश्रीला त्यातूनच सासरी पाठवायची. लोखंडी हौदा तळेगाव ढमढेऱ्याच्या भंगारवाल्याला देऊन टाकला, म्हणजे मागं फिरायची सोय राहिली नाही. गाडी अजून चालते. (चढाला कण्हते, पण चालते.) सुतार म्हणून म्हाळूला बोलावला. म्हाळूनं आजवर औतं, चौकटी आणि एक डोली केली आहे, मोटार केलेली नाही, पण तो कशालाच नाही म्हणत नाही. नमुना म्हणून आईच्या लग्नातला फोटो होता. त्यात गाडीभर वऱ्हाड उभं आहे आणि मधूनमधून हौदा दिसतो. म्हाळूचा चष्मा पहिल्याच दिवशी रंध्याखाली गेला, म्हणून आई रोज दुपारी ओट्यावर तांदूळ निवडत बसायची आणि फोटो बघून त्याला सांगायची, इथं खुंट, इथं फळी, इथं पुन्हा खुंट. असे एका बाजूला अकरा उभे खुंट झाले. काही छातीइतके, काही पार डोक्याच्या वर. तिसऱ्या खुंटाच्या टोकाला एक मोठा गोळा होता, तो म्हाळूनं पटाशीनं दोन दिवस कोरला आणि त्याला घड्यासुद्धा पाडल्या.

गाडी बाहेर काढली तवा गावाचं म्हणणं पडलं की कोंडवाडा कुठं निघाला. मी लक्ष दिलं नाही. आठवडे बाजाराच्या दिवशी तळेगावला चक्कर मारली, तर वेशीत कुणाचा तरी हार्दिक अभिनंदनाचा कापडी फलक आडवा लावलेला होता, तो उंच खुंटांनी उचलला. मला पत्ता नाही. बाजारभर मी तो फडकवत फिरलो, आणि ओळख नसलेली माणसं हात जोडत होती, म्हणून मीही जोडले. शेवटी भैरूतात्यांनी (ते त्या वऱ्हाडात होते, आता नव्वदीला आलेत) गाडी थांबवून गोळ्यावर हात फिरवला आणि म्हणाले, "आरं, हे तर माझं पागोटं हाय." मग उलगडा झाला. वऱ्हाड त्या साली भीमेच्या उतारातून आलं होतं, पाणी किती ते चाचपायला ज्याच्या त्याच्या हातात काठी होती, आणि तात्यांनी भिजू नये म्हणून पागोटं काठीच्या टोकाला लावलं होतं. आम्ही काठ्या खुंट म्हणून ठोकल्या. तुमचे खरे खुंट बाजूला पाचच होते म्हणे.

आता लग्नाला चार आठवडे उरलेत आणि दारात हे असं उभं आहे. फळ्या सरळ नाहीत, सांध्यात बोट जातं, मागचा उघडझाप करायचा फाळका तर केलेलाच नाही, कारण फोटोत फाळक्यापुढं बँडवाला उभा आहे. म्हाळू म्हणतो, बँडवाला सोडून बाकी सगळं त्याला जमलं. तुमच्या हातच्या कामाची मी अशी दशा केली याची लाज वाटते.

लोभ कुठं आटला असेल तर तो पुन्हा वाहता व्हावा.

तुमचा भाचा,
सत्यजीत

ता. क. रंधा, गुण्या आणि बारीक पटाशी तुमची तुम्ही आणलीत तर बरं. आठ दिवसांचं काम आहे. लग्नासाठी नका येऊ, लाकडासाठी या.

ता. क. २. पाकीट चिकटवायच्या आधी म्हाळू येऊन डोकं खाजवत उभा राहिला. म्हणाला, त्याला पाचव्या खुंटालाच शंका आली होती, तसं त्यानं आईला विचारलंही. आई म्हणाली, ठोक. मामा, आई त्या गाडीत नवरी म्हणून बसून आली आहे, तिला काठी आणि खुंट यांतला फरक कळणारच, हे इतके दिवस आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही. मी जाऊन विचारलं. तांदळातून मान वर न करता म्हणाली, "नीट केला असता तर बबन बघून, बरा हाय म्हणून उभ्या उभ्या परत गेला असता. वाकडं लाकूड टाकून जायचा न्हाई त्यो." हे तुम्हाला कळवायचं नाही असं तिनं बजावलंय.

ता. क. ३. तुमच्यासाठी पडवीत खाट टाकून झाली आहे. तिचा एक पाय आईनं आज सकाळी ढिला केला.