सोन्याचा खिळा

फ्रान्स, ३ फेब्रुवारी १९१७

प्रिय आई,

तुझा एवाल्ड हातीपायी धड आहे, हे आधी वाच आणि मग चष्मा पूस.

सॉसेज पोचलं. खंदक कोरडा आहे. बाबांचा खोकला कसा आहे?

रजा मिळाली, पुढच्या रविवारी पोचतो. युद्धनिधीला पैसे देऊन लोक चौकातल्या ज्या लाकडी शिपायात खिळे ठोकतात, त्यात सोन्याचा खिळा पदकवाल्या कॅप्टनने, म्हणजे मीच ठोकायचा, असं नगराध्यक्षांनी परस्पर ठरवलंय म्हणे. ठोकतो बापडा. पण खिळा धरायला टिमबाईंना उभं करू नका. वीरमातेचा मान म्हणून त्यांना बोलावलंय, कळतं मला. त्यांचा डेटलेफ माझ्याच तुकडीत होता. ज्या टेकडीसाठी हे पदक मिळालं, तिथेच तो पडला. त्याला पुढे मीच धाडलं होतं, हे त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही.

अक्षर माझं नाही, हे तू ओळखलं असशीलच. कारकून लिहितोय. जखम नाही, उगाच रडत बसू नकोस. हात थरथरतात, एवढंच. कॉफीचा पेलाही दोन्ही हातांनी धरावा लागतो.

तेव्हा खिळा आधीच अर्धा ठोकून ठेवायला सांग. त्या बाईंची बोटं माझ्या हातोडीखाली नकोत.

तुझाच,
एवाल्ड