फियाटची उजवी पट्टी

२ नोव्हेंबर, राजकोट
ही डायरी शेठने दिवाळीची म्हणून आज दिली. मिठाईच्या जागी डायरी. वर बेअरिंगच्या दुकानाचं नाव, आत हनुमानाचा फोटो, फोटोवर शेठच्या बोटाचं तेल. शिसारी आली. पण कोरी होती म्हणून ठेवली. आजपासून रोज लिहिणार.

३ नोव्हेंबर
बफिंग केलं. जेवलो.

९ नोव्हेंबर
मधले दिवस राहिले. ओव्हरटाइम होता, त्यात माझी काय चूक.
सकाळी नाक शिंकरलं, काळं निघालं. चार वर्षं रोज काळं. बफच्या चाकापुढे उभं राहून जुन्या मोटारींचे नवे पार्ट घासायचे. बंपर, हबकॅप, दिव्याची रिंग, बाजूच्या पट्ट्या. माल विलायतेला जातो, तिकडचे म्हातारे आपल्या म्हाताऱ्या गाड्यांना लावतात. खोक्यावर ‘रिप्रोडक्शन’ छापतात. त्या शब्दाची किळस येते. मी घासलेला पार्ट ओरिजिनलपेक्षा ओरिजिनल असतो.
दुपारी वरण गोड. उद्यापासून तोंडाला मास्क लावणार.

१२ नोव्हेंबर, सकाळी
मास्क लावला नाही. त्याला आधीच्या माणसाचा वास येतो.
मोठी बातमी. लोणखेड्याच्या हेमकांतनानांचा फोन आला. आईच्या माहेरचे, म्हणजे मामा म्हणायला पाहिजे, पण सगळं गाव नाना म्हणतं. त्यांच्या वडिलांची त्रेसष्टची फियाट आहे. रंग नवा मारलाय. फक्त उजवीकडची क्रोमची पट्टी नाही, ती मागे उसाच्या ट्रॉलीने ओरबाडून नेली. १४ डिसेंबरला मुलगी ममताचं लग्न, तिची पाठवणी त्याच गाडीतून करायची. नाना म्हणाले, "काम पसंत पडनं तं रोडवरला गाळा तुन्हा."
लोणखेडा-शहादा रोडवर गाळा! तिथे क्रोमचं स्वतःचं काम. धानोऱ्याला आईजवळ राहायचं, मोटरसायकलने जायचं-यायचं. हा कळकट कारखाना, ही खोली, हा खोलीतल्या जोडीदाराच्या, करणसिंगच्या मोज्यांचा वास, सगळं खलास.
बोर्ड ठरवला. ‘कुंदन क्रोम’. लाल पाटी, पांढरी अक्षरं.

१५ नोव्हेंबर
ट्रॅव्हल्सच्या पार्सलने नानांनी शाबूत असलेली पट्टी सॅम्पल म्हणून पाठवली. जुन्या धोतरात गुंडाळलेली. दोन फूट लांब, मागून सपाट कापलेली, पुढे टोक खाली वाकलेलं, पोपटाच्या चोचीसारखं. सोबत चिठ्ठी, ‘बरोबर असंच जोयजे.’ म्हणजे अगदी अशीच पाहिजे.
पत्रा कापायचं काम स्टीफन करतो. नवापूरकडचा. कमी बोलतो, जास्त बघतो, मला ते आवडत नाही. पितळेचा पत्रा कापून, ठोकून आकार देतो बस. चमक मी आणतो. गिऱ्हाईक पैसे चमकीचे देतं.
त्याला एक खोड आहे. कुठलाही माल जोडीने समोरासमोर धरून दोऱ्याने बांधतो. दोरा काय फुकट येतो?
पट्टी बघून त्याने विचारलं, ही कोणत्या बाजूची? मी म्हटलं, बाहेरच्या. आत कोण लावतं?

१८ नोव्हेंबर
शेठकडून पितळेचा तुकडा मागून घेतला. तो देताना तोंडातला मसाला माझ्या शर्टावर उडाला. शर्ट तीनदा धुतला.
स्टीफनने पुन्हा तेच. "अरे पण गाडीला बसवायची कुठे, ते सांग ना." मी स्पष्ट सांगितलं, तू फक्त सॅम्पलसारखी काप, केसाचा फरक नको. तो माझ्याकडे बघत राहिला. मग "बरं" म्हणाला.
जळतो. माझा गाळा होणार हे त्याच्या कानावर गेलंय. (मीच सांगितलं होतं.)

२३ नोव्हेंबर
झाली! निकेल, मग क्रोम, मग दोन तास बफ. जुन्या पट्टीचंही क्रोम उतरवून नव्याने चढवलं. आता कुठली जुनी, कुठली नवी, मलाच ओळखू येईना. दोन्ही शेजारी ठेवून नानांना फोटो टाकला, ओळखा.
नानांनी आवाज रेकॉर्ड करून पाठवला, "भो, येक शिक्का दोन पट्ट्या! काईच फरक नही!"
हे सर्टिफिकेट जपून ठेवलं.
आईचाही फोन. "आते तरी कव्हय येस रे घर?" म्हटलं, आता कायमचाच येतो. ती म्हणाली, खोलीतली कांद्याची पोती काढायला लावते.

२ डिसेंबर
राजीनामा दिला. तोंडी. शेठ फोनवर होता, तरी मी थांबलो नाही. म्हटलं, चार वर्षं तुमच्या काळ्या धुळीत काढली, आता कुंदन कोणाचा नोकर नाही. मान डोलावली त्याने. चेहरा पडला होता.

११ डिसेंबर, गाडीत
सुरतेपासून स्टीफनच समोर. नाताळच्या आधी घराची कौलं बदलायला चाललाय. डब्यात कोणीतरी उकडलेली अंडी खात होतं, आणि मला त्याचं तोंड बघायची वेळ.
नवापूरला उतरताना म्हणाला, "कुंदन, एकदा पट्ट्या समोरासमोर धरून बघ." मी म्हटलं, क्रोमला बोटं लागतात. पट्ट्यांवरचा कागद सोडला नाही. लोकांना दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही.

१३ डिसेंबर, सकाळी ९, लोणखेडा
गाडीतून उतरून थेट नानांकडे आलो, धानोऱ्याला गेलो नाही. दारात मांडव. गाडी मध्ये उभी. मी कागद सोडला. बायका पट्टीत तोंड बघायला लागल्या, शेजारच्या रमिलाबाईने तर केस नीट केले. शहाद्याचा फिटर नवलसिंग आला. डाव्या बाजूची एका झटक्यात बसली. अशी बसली की नाना मला चहा विचारायला स्वतः आले.

१३ डिसेंबर, दुपारी १२
नवलसिंग दुसरी पट्टी घेऊन उजवीकडे गेला. लावली. चोच आभाळाकडे. फिरवली. चोच खाली आली, पण मागे, दाराकडे. परत फिरवली. परत आभाळाकडे. मग म्हणाला, "भो, हाई बी डावीच शे."
मी म्हटलं, नीट लाव.
त्याने पट्टी माझ्या हातात दिली. मीही फिरवली. सात-आठ वेळा.
रमिलाबाई मांडवातून ओरडली, "कारे कुंदन, दोन्ही डाव्या चपला लई उना का?" चपला कोणी आणल्या होत्या? हसायला काय, बायकांना कारणच पाहिजे. लाडूचं पीठ लागलेल्या हातांनी टाळ्या. किळस.
मी नानांना चिठ्ठी दाखवली. बरोबर असंच, तुमचंच अक्षर. केसाचा फरक नाही. नाना म्हणाले, "हा रे भो, केसना बी फरक नही. तीच तं पंचाईत शे."
गाडी दोन्ही बाजूंनी सारखी नसते हे चार वर्षांत मला एका माणसाने सांगितलं नाही. शेठने सांगायला पाहिजे होतं. आणि ट्रॉलीवाल्याने उजवीच्या जागी डावी पट्टी नेली असती तर ही वेळच आली नसती.

१४ डिसेंबर
नानांनी चोच मागे करून बसवायला लावली. आभाळाकडची फारच दिसत होती.
पाठवणीला सगळं गाव उजव्या बाजूलाच उभं. मुद्दाम. वऱ्हाडातला एक म्हातारा म्हणाला, "हाई मोटर येक बाजूनी जाई ऱ्हायनी, दुसरी बाजूनी परत ई ऱ्हायनी." ममता रडता रडता हसली. तिची आई म्हणाली, चांगलंच आहे, पोरगी लवकर माहेरी येईल. माझ्यामुळे हसली, पण आभार कोणी मानले नाहीत.
जिलबी वातड. तेल जुनं.
मी गाळ्याचं काढलं. नाना म्हणाले, "पट्टी कोनी कापी?" मी म्हटलं, तसा तो स्टीफनने, पण चमक माझी. नाना म्हणाले, "चमक चांगली शे. पन उजवी लई ये, आनि त्याले बी लई ये. मंग दखू." म्हणजे पट्टी आणि स्टीफन आधी, गाळ्याचं नंतर बघू.
रात्री आईबरोबर धानोऱ्याला परतलो. घरी आल्यावर दिसलं, खोलीतली पोती खरंच काढली होती. भिंतीला नवा चुना. मला त्या चुन्याच्या वासाने पडवत नव्हतं तिथे.

२ जानेवारी, राजकोट
शेठने विचारलं, "शादी कैसी रही? सुट्टी जरा ज्यादा हो गई." म्हणजे राजीनामा त्याला ऐकूच गेला नव्हता. मी आठवण करून दिली नाही. तेच चाक, तीच जागा. मास्क लावला. वास येतो.
स्टीफन काल आला. आज मी त्याला झाडणारच होतो. त्याने टेबलाखालून वर्तमानपत्राची गुंडाळी काढली. पितळेची पट्टी. चोच दुसऱ्या बाजूला वाकलेली. त्याच दिवशी, त्याच पत्र्यातून कापलेली. म्हणाला, फक्त घासायची राहिली.
मी म्हटलं, मग तोंडाने सांगायला काय झालं होतं? म्हणाला, "दोनदा विचारलं. गाडीत सांगितलं पण."
मोठ्या मनाने मी त्याला गाळ्याचं सांगितलं. नानांनी तुलाही बोलावलंय. पाटीवर तुझंही नाव टाकू. खाली, बारीक.
तो विचार करत बसला. मग म्हणाला, दुपारचं ऊन समोरून आलं तर पॉलिशमधला दोष दिसत नाही. गाळा रस्त्याच्या कोणत्या बाजूला आहे?
मी म्हटलं, शहाद्याकडून येताना...
पाटीचा लाल रंग डोळ्यासमोर आला. अक्षरं आली. खाली मोबाइल नंबर आला. दुपारभर चाकापुढे उभा राहून आठवत होतो.
गाळा मी बघितलेलाच नाही.